प्रवासास नेण्याजोगा लहान संगणक कसा निवडावा

उन्हाळ्याची सुटी संपत आली म्हणजे आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांत एकाच प्रकारची लगबग सुरू होते. बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेला मुलगा अथवा मुलगी पुढील शिक्षणाकरिता पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर येथे जावयास निघते. अंथरूण, कपडे व खाऊचा डबा यांच्या जोडीला अलीकडे सामानात आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती वस्तू म्हणजे मांडीवर ठेवून वापरावयाचा संगणक, अर्थात् लॅपटॉप.

ही वस्तू पुष्कळ घरांत एकदाच येते. ती आणण्याकरिता कोठे दुभती गाय विकली जाते, कोठे पतसंस्थेचे कर्ज काढले जाते, तर पाथर्डी व जामखेडकडच्या एखाद्या कुटुंबात ऊसतोडणीला जाण्यापूर्वी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून तिची किंमत भागविली जाते. अशा पैशाने घेतलेली वस्तू जर निवडीतच चुकली, तर तीन-चार वर्षे विद्यार्थ्यास ती पाठीवर वाहावी लागते आणि आईबापांस तिचे हप्ते वाहावे लागतात. म्हणून प्रवासात नेण्याजोगा लहान व हलका संगणक कसा निवडावा, या विषयाचा येथे थोडा पद्धतशीर विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. कोणत्या कारखान्याचा संगणक घ्यावा हे आम्ही सांगणार नाही. कारण नमुने व भाव दर हंगामास बदलतात. परंतु निवडीची तत्त्वे इतक्या लवकर बदलत नाहीत, आणि ती ज्यास समजली त्यास कोणत्याही दुकानात फसण्याचे कारण नाही.

१. हलकेपणा म्हणजे काय?

पवित्र शास्त्रातील दाविदाची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. गल्याथाशी लढावयास निघालेल्या त्या मेंढपाळ मुलाच्या अंगावर शौल राजाने आपले चिलखत चढविले, डोक्यावर पितळी टोप घातला. दावीद चालून पाहू लागला तो त्यास चालता येईना. कारण त्या साहित्याची त्यास सवय नव्हती. तेव्हा त्याने ते सर्व उतरून ठेविले आणि ओढ्यातील पाच गोटे वेचून घेतले. या कथेचा मुख्य बोध परमेश्वरावरील भरवशाचा आहे, हे खरेच. तथापि तीत एक व्यवहाराचा बोधही आहे. दावीद रिकाम्या हाताने गेला नाही. त्याने राजाचे साहित्य नाकारले, परंतु स्वतःच्या कामाचे साहित्य, म्हणजे गोफण, सोडली नाही.

हलकेपणाची खरी व्याख्या हीच होय. ज्या वस्तूत कामापुरते सर्व आहे आणि कामावाचूनचे काही नाही, ती वस्तू हलकी. जीत कामाचेच काही उणे आहे, ती वस्तू हलकी नव्हे, अपुरी होय. आणि अपुरी वस्तू काही दिवसांनी जड वस्तूपेक्षाही अधिक त्रास देते.

याचे एक उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या पुणे शहरात घडले आहे. १९३० नंतरच्या काळात येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी प्रवासात बरोबर नेता येईल अशा पेटीचरख्याची रचना सिद्ध केली. त्यास येरवडा चक्र असेही नाव पडले. जुन्या चरख्याचे मोठे चाक आगगाडीत नेणे अवघड होते. परंतु चाक नुसते लहान केले तर चाती पुरेशा वेगाने फिरेना. यावर युक्ती अशी काढण्यात आली की, एका मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चकत्या घ्याव्या, पहिलीने दुसरीस गती द्यावी व दुसरीने चातीस द्यावी. अशा रीतीने वेग कायम राहिला आणि सारा चरखा एका चपट्या पेटीत बसला. सूत कातणे हे मुख्य काम. त्यात काटछाट झाली नाही, काटछाट झाली ती जागेत. आजचा उत्तम लहान संगणकही याच नियमाने ओळखावा.

२. संगणक हलका कसा होत गेला

विक्रीत यश मिळविणारा पहिला प्रवासी संगणक १९८१ मध्ये निघाला. तो काढणारे अ‍ॅडम ऑस्बोर्न हे इंग्रज गृहस्थ; परंतु त्यांचे बालपण तामिळनाडूत गेले व त्यांचा शेवटही २००३ मध्ये कोडाईकनाल येथेच झाला. त्यांचा ऑस्बोर्न-१ हा संगणक विमानातील आसनाखाली मावत असे. मात्र त्याचे वजन सुमारे ११ किलो होते, पडदा अवघा ५ इंचांचा होता आणि त्यात बॅटरी नसल्यामुळे भिंतीतील विजेवाचून तो चालत नसे. त्यास प्रवासी म्हणण्यापेक्षा उचलता येण्याजोगा म्हणणेच अधिक शोभले असते.

त्यानंतर सव्वीस वर्षांनी, म्हणजे २००७ मध्ये, एक निराळाच लहान संगणक महाराष्ट्रात आला. गरीब देशांतील प्रत्येक मुलास एकेक लॅपटॉप मिळावा अशा हेतूने अमेरिकेत निघालेल्या एका संस्थेने एक्स-ओ नावाचा संगणक तयार केला होता. भारतातील त्याचा पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैराट या लहानशा गावच्या एकशिक्षकी शाळेत झाला. (आपल्या जिल्ह्यातही कर्जत तालुका आहे, तो हा नव्हे.) पहिली ते चौथीची विसांच्या आसपास मुले एका खोलीत बसत, आणि प्रत्येकाच्या हाती हा हिरवा-पांढरा संगणक देण्यात आला.

या यंत्राची रचना अभ्यासण्यासारखी आहे. त्याचे वजन दीड किलोहून कमी होते आणि उचलण्यासाठी त्यास मूठ होती. कळफलक अखंड रबराचा असल्यामुळे धूळ व पाणी आत जात नसे. फिरणारी चकती नव्हती व पंखाही नव्हता. म्हणून धक्क्याने बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नव्हते. पडद्यामागचा दिवा मालवला तरी उन्हाच्या उजेडात अक्षरे स्पष्ट वाचता येत, आणि त्यामुळे वीजही थोडी लागे. म्हणजे रचनाकारांनी आधी मुलाची वाट, त्याचे ऊन, त्याची धूळ व त्याच्या घरची वीज पाहिली आणि मग यंत्र घडविले. मोठ्या माणसाच्या बोटांस त्याच्या कळा मात्र फार लहान पडत; पण ते यंत्र मोठ्या माणसांकरिता नव्हतेच.

त्याच वर्षी बाजारात नेटबुक या जातीचे स्वस्त संगणक आले. त्यांतील आसुस कंपनीचा पहिला ई-पीसी ७ इंची पडद्याचा असून वजनाने एक किलोहूनही कमी होता. लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. परंतु थोड्याच वर्षांत ही जात बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. पडद्यावर पूर्ण पान मावत नसे, बोटे अडखळत, आणि दोन कामे एकदम उघडली की यंत्र धापा टाकी. हलकेपणा व अपुरेपणा यांतील भेद समजण्यास याहून चांगला धडा नाही.

आता निवडीच्या पायऱ्यांकडे वळू. आमच्या मते त्यांचा क्रम असा असावा : प्रथम वाट, मग काम, मग डोळे व हात, मग वीज, आणि सर्वांच्या शेवटी किंमत. पुष्कळ लोक शेवटच्या पायरीपासून आरंभ करितात, म्हणून घोटाळा होतो.

३. प्रथम वाटेचा विचार

संगणक कोणत्या वाटेने, किती वेळा व कशातून न्यावयाचा, याचे उत्तर आधी कागदावर लिहावे. नगरहून पुण्यास जाणारा रस्ता सुमारे १२० किलोमीटरांचा आहे. महिन्यातून एकदा एस.टी.ने जावयाचे असेल तर दोन किलोंचे ओझेही सोसते. परंतु जी विद्यार्थिनी रोज एखाद्या वाडीवरून फाट्यापर्यंत चालत येते, तेथून उभ्याने बसचा प्रवास करिते व पुन्हा महाविद्यालयापर्यंत चालते, तिच्या खांद्यास प्रत्येक पाव किलो मोजावा लागतो.

येथे थोडे गणित करू. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहाव्या भागाहून अधिक असू नये असे सांगितले आहे. तो नियम शाळेतील मुलांकरिता असला, तरी मोठ्यांनीही तो मार्गदर्शक मानण्यास हरकत नाही. समजा, विद्यार्थिनीचे वजन ४५ किलो आहे. तर तिच्या पाठीवर साडेचार किलो शोभतील. तिने खेळांच्या हौसेने बनविलेला २.३ किलोंचा जाडजूड लॅपटॉप घेतला, तर त्याचा चार्जरही जड, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅमचा असावयाचा. ही बेरीज २.७ किलो झाली. पाण्याने भरलेली लिटरभर बाटली १.२ किलो धरा. उरले केवळ ६०० ग्रॅम. यात वह्या घ्याव्या की जेवणाचा डबा घ्यावा? आता त्याऐवजी १.२ किलोंचा संगणक व २०० ग्रॅमचा चार्जर घेतला असे समजा. तेव्हा बाटली घेऊनही १.९ किलो उरतात; त्यांत डबाही मावतो व वह्याही मावतात. यावरून एक नियम ध्यानात ठेवावा की, दुकानात संगणकाचे वजन विचारताना चार्जरचे वजनही विचारावे. जाहिरातीत पहिला आकडा असतो, दुसरा नसतो.

वाटेचा दुसरा प्रश्न धक्क्यांचा. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये एक चकती मिनिटास हजारो फेरे घेत असते व तिच्यावरून वाचणारी सुई केसाहूनही थोड्या अंतराने तरंगत असते. यंत्र चालू असताना गाडी खड्ड्यात आदळली तर ती सुई चकतीस घासून सर्व लेखन नष्ट होण्याचा संभव असतो. एस.एस.डी. नावाच्या नव्या साठवणीत हलणारा भागच नसतो. ती वजनाने हलकी, विजेस काटकसरी व कामास कितीतरी चपळ असते. जुने यंत्र घेणाऱ्यानेही एस.एस.डी. असल्याखेरीज प्रवासाकरिता ते घेऊ नये.

तिसरा प्रश्न हवेचा. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग अवर्षणप्रवण आहे व उन्हाळ्यात तेथे धूळ फार. उलट अकोले तालुक्यातील भंडारदरा-घाटघरकडे पावसाळ्यात कपडेदेखील आठवडाभर वाळत नाहीत. पंख्याचा संगणक हवेबरोबर धूळही आत ओढतो. बिनपंख्याचे संगणक त्यापासून सुरक्षित असतात, मात्र दीर्घकाळ कष्टाचे काम दिले की ते तापू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करितात. लेखन-वाचन करणाऱ्यास याने काही बिघडत नाही. ओल्या प्रदेशात संगणक जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मग थैलीत ठेवावा, आणि भिजून आल्यावर यंत्र पूर्ण कोरडे झाल्यावाचून सुरू करू नये.

४. मग कामाचा विचार

निबंध लिहिणे, टाचणे काढणे, पाठ पाहणे, पत्रव्यवहार करणे, हिशेबाचे तक्ते मांडणे, एवढेच ज्याचे काम आहे त्यास सामान्य प्रतीचा थोड्या विजेवर चालणारा प्रोसेसर पुरतो. चित्रपटाची जुळणी, इमारतींची रेखाटने किंवा अभियांत्रिकीचे जड कार्यक्रम ज्यास चालवावयाचे आहेत, त्यास लहान यंत्र बहुधा पुरणार नाही. त्याने ज्या महाविद्यालयात जावयाचे तेथील शिक्षकांस आधी विचारावे. पुष्कळ ठिकाणी अशा कामासाठी प्रयोगशाळेत मोठे संगणक असतात, आणि मग स्वतःचा संगणक हलकाच घेता येतो.

कामाची चालू स्मृती, जिला रॅम म्हणतात, ती निदान ८ जीबी असावी. १६ मिळाल्यास उत्तम. साठवण २५६ जीबीहून कमी नसावी. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. मोठ्या संगणकात रॅम पुढे वाढविता येते; परंतु पुष्कळ पातळ संगणकांत ती मूळ पाटीवरच डाग देऊन बसविलेली असते व पुढे वाढविता येत नाही. म्हणून लहान यंत्र घेताना चार वर्षांनंतरची गरज आजच पाहावी लागते. ‘आता थोडी घेऊ, मागाहून वाढवू’ हा विचार येथे चालत नाही.

आणखी एक प्रश्न विचारावयास संकोच करू नये : मला संगणक खरोखरच हवा आहे काय? पहिल्या वर्षी ज्यास केवळ वाचन व थोडे लेखन आहे, त्याचे काम हाती असलेला मोबाइल व त्यास जोडता येणारा एक लहान कळफलक यांवर भागू शकते. एक वर्ष थांबल्याने गरज नीट कळते व आईबापांस श्वास घेण्यास सवड मिळते. न घेतलेल्या वस्तूइतकी हलकी वस्तू दुसरी नाही.

५. डोळे व हात

पडद्याचे माप कर्णावर मोजतात. १५.६ इंची पडद्याच्या तुलनेत १३.३ इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे एकचतुर्थांशाहून थोडे अधिक कमी भरते. तरीही १३.३ इंची पडद्याची लांबी सुमारे २९ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या नेहमीच्या ए-४ कागदाच्या लांबीइतकी असते. एवढ्या यंत्रास दप्तरात वहीशेजारी जागा मिळते आणि वाचताना डोळ्यांसही ताण पडत नाही. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांनी १४ इंचांचा पाहावा. ११ इंचांखाली उतरण्यापूर्वी मात्र दुकानातच एक पूर्ण पान उघडून वाचून पाहावे. रुंदीच्या मानाने थोडा अधिक उंच असलेला पडदा मिळाल्यास तो पसंत करावा. त्यावर मजकुराच्या अधिक ओळी दिसतात.

पडदा आरशासारखा चकाकणारा नसावा. खिडकीशेजारी किंवा ओसरीवर बसून वाचणाऱ्यास अशा पडद्यावर स्वतःचे तोंडच अधिक दिसते. उजेडाचे माप ‘निट’ या परिमाणात सांगतात. ३०० किंवा त्याहून अधिक असल्यास दिवसाउजेडी काम होते.

कळफलकाची परीक्षा फुटपट्टीने करावी. इंग्रजी क्यूपासून पीपर्यंतच्या दहा कळांची ओळ मोजली असता ती साधारणपणे १८ ते १९ सेंटिमीटर भरली, तर कळफलक पूर्ण मापाचा आहे असे समजावे. त्याहून पुष्कळ कमी भरल्यास बोटे एकमेकांत अडकतील. फुटपट्टीनंतर दहा ओळी प्रत्यक्ष टंकून पाहाव्या, आणि त्या मराठीत टंकाव्या.

मराठीचा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर केला आहे. भारतीय लिप्यांसाठी ठरविलेली इन्स्क्रिप्ट ही कळरचना आजच्या बहुतेक संगणकांत विनामूल्य असते. तिची मांडणी आपल्या वर्णमालेस धरून आहे : स्वर डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे; क व ख, त व थ, प व फ या जोड्या एकेका कळेवर. ज्याने व्याकरणात अल्पप्राण व महाप्राण हा भेद शिकला आहे, त्यास ही रचना थोड्या दिवसांच्या सरावाने साधते. लेखन युनिकोड पद्धतीतच करावे. जुन्या खासगी वळणांच्या टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. ज्या यंत्रावर आपली मातृभाषा नीट लिहिता येत नाही, ते यंत्र कितीही हलके असले तरी आपल्या उपयोगाचे नव्हे.

६. विजेचा हिशेब

‘बॅटरी दहा तास चालते’ या वाक्यावर विसंबू नये. ती कोणत्या कामात, किती उजेडात चालते हे त्यात सांगितलेले नसते. हिशेब स्वतः करावा. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत दिलेली असते. ५० वॉट-तासांची बॅटरी असून लेखनाच्या कामात यंत्र ताशी सरासरी ७ वॉट-तास खात असेल, तर ५० भागिले ७, म्हणजे सुमारे सात तास ती पुरेल. जाडजूड यंत्र त्याच कामास २० वॉट-तास खात असेल, तर अडीच तासांत ते थंड पडेल. यावरून दिसेल की, मोठी बॅटरी वाहून नेण्यापेक्षा थोडे खाणारे यंत्र निवडणे हाच शहाणपणा आहे. येरवडा चक्राच्या युक्तीसारखीच ही युक्ती.

यूएसबी टाइप-सी तोंडाने भारित होणारा संगणक प्रवाशास फार सोयीचा. त्यायोगे मोबाइल व संगणक या दोहोंस एकच चार्जर चालू शकतो. भारनियमनाच्या गावी राहणाऱ्याने पॉवर बँकेचाही विचार करावा. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने गुणिली असता ७४ वॉट-तास होतात. परंतु ती संगणकास पुरेल इतक्या जोराने, साधारण ४५ वॉटने, वीज देते काय हे पाहून घ्यावे. विमानप्रवासाचा प्रसंग आल्यास ध्यानात ठेवावे की, १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी बरोबर नेता येते, आणि पॉवर बँक मात्र हातातील थैलीतच ठेवावी लागते. सामानकक्षात टाकता येत नाही.

उष्णता ही बॅटरीची मोठी वैरीण. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत संगणक ठेवू नये. गादीवर किंवा वाकळेवर ठेवून चालवू नये. सदासर्वकाळ पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिती ठेवण्यापेक्षा वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान राखलेली बॅटरी अधिक वर्षे टिकते.

७. शेवटी किंमत

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा प्रभूचा दाखला आहे. संगणकाचा खर्च म्हणजे केवळ दुकानातील किंमत नव्हे. थैली, पडदाजोडणीचा तुकडा, हमीनंतरची दुरुस्ती आणि तीन-चार वर्षांनी येणारी नवी बॅटरी, ही सर्व त्यात धरावी. सभेत किंवा वर्गात पडद्यावर चित्रे दाखवावयाची असतील तर एचडीएमआयची जोडणी यंत्रात आहे की निराळी घ्यावी लागेल हे विचारावे. दुरुस्तीचे अधिकृत केंद्र नगर शहरात आहे की पुण्यास जावे लागेल, हेही विचारावे. कारण पुण्याच्या दोन फेऱ्यांत मजुराचे दोन दिवस बुडतात.

सामान्यतः तीच शक्ती हलक्या यंत्रात घेतली तर किंमत अधिक पडते. म्हणून पुष्कळांस वापरलेले संगणक घ्यावे लागतात, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. कचेऱ्यांतून तीन-चार वर्षे वापरून निघालेली चांगल्या बांधणीची हलकी यंत्रे नव्या स्वस्त यंत्रांहून पुष्कळदा सरस असतात. मात्र चार गोष्टी पाहाव्या. पहिली, पक्के बिल व लेखी हमी. दुसरी, बॅटरीचा अहवाल. विंडोजमध्ये तो काढता येतो व त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता असे दोन्ही आकडे असतात. आजची क्षमता मूळच्या दोनतृतीयांशाखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून घ्यावी. तिसरी, बिजागरी व कळा. पडदा दहा वेळा उघडून मिटून पाहावा. चौथी, यंत्राचे वय. विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असून, विंडोज ११ ही प्रणाली इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरांस अधिकृतपणे चालत नाही. त्याहून जुने यंत्र घेणाऱ्याने लिनक्स ही विनामूल्य प्रणाली शिकण्याची तयारी ठेवावी. जिज्ञासू विद्यार्थ्यास ते शिक्षणच होईल.

८. यंत्र आणि विद्या

वर ज्या एक्स-ओ संगणकाचे वर्णन केले, तो दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या सरकारने आठ लाखांहून अधिक संख्येने शाळांतून वाटला. पुढे तेथील ३१९ शाळांची तुलना करून एक अभ्यास झाला व त्याचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणक मिळालेल्या शाळांतील मुलांची गणित व भाषा या विषयांतील प्रगती न मिळालेल्या शाळांतील मुलांहून अधिक झाल्याचे त्यात दिसून आले नाही. यंत्र उत्तम होते, हलके होते, मुलांकरिताच घडविलेले होते. तथापि शिकविण्याचे व शिकण्याचे काम यंत्राने केले नाही, कारण ते यंत्राचे काम नव्हेच.

हे सांगण्यात संगणकाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. हेतू इतकाच की, घरच्या माणसांच्या घामाचे पैसे घालून जी वस्तू घ्यावयाची, तिच्याकडून काय मागावे व काय मागू नये हे घेण्यापूर्वीच ठरलेले असावे. संगणकाने वाट अडवू नये, खांदा दुखवू नये, लिहिताना थांबवू नये व परीक्षेच्या आदल्या रात्री दगा देऊ नये. इतके त्याच्याकडून मागावे. बुद्धी, चिकाटी व सचोटी ही त्याच्याकडून मागू नये. ती आपणच बरोबर न्यावयाची असतात, आणि त्यांचे वजन कोणत्याही काट्यावर भरत नाही. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी जे यंदा गाव सोडून निघतील त्यांची पाठ हलकी राहो आणि त्यांचे काम भारदस्त होवो, हीच आमची प्रार्थना आहे.

अभ्यास

१. आपले रोजचे दप्तर भरून वाण्याच्या काट्यावर तोला. ते तुमच्या वजनाच्या दहाव्या भागाहून अधिक भरते काय? भरल्यास कोणती वस्तू कामावाचूनची आहे ते लिहा.

२. ५६ वॉट-तासांची बॅटरी ताशी ८ वॉट-तास खाणाऱ्या यंत्रास किती तास पुरेल? दोन वर्षांनी तिची क्षमता चारपंचमांश उरली तर किती तास पुरेल?

३. तुमच्या घरून महाविद्यालयापर्यंतची वाट, तुमचे काम व घरची वीज यांचे वर्णन प्रत्येकी पाच ओळींत लिहा, आणि त्यावरून तुम्हांस कसा संगणक हवा हे ठरवा. संगणक नको असे ठरल्यास तेही सकारण लिहा.